आंबील आमच्या घरची होती

तायडेकाका गेल्याची बातमी मला आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. तिच्या वरचा निरोप माझाच होता. 'उद्या घंटागाडी येणार नाही, कृपया कचरा खाली आणू नये.' त्याखाली काकांच्या मुलीचा, शिल्पाचा निरोप आला... बाबा आज पहाटे गेले, इथे अमरावतीला, आमच्या घरी. मग जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या गडबडीत कुणीतरी माझ्या घंटागाडीच्या निरोपालाही हात जोडले. मी फोन उलटा ठेवला. बायको, वैशाली, म्हणाली, निघा, दुपारपर्यंत पोचाल. अकोल्याहून अमरावती काही लांब नाही. पण मी कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि त्या दिवशी परीक्षेचं काहीतरी होतं. काहीतरी होतं, एवढंच खरं. अंत्ययात्रेला मी गेलो नाही. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो, मागच्या खुर्चीवर बसलो, वंदना झाली, चार जण त्यांच्याबद्दल बोलले. कुणी विचारलं, तुमच्यापैकी कोणाला बोलायचं आहे का... मी मान खाली घातली. जेवून परत आलो. तिथे जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे.

वामनराव तायडे कृषी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं बार्शीटाकळीच्या बाजूला गेली. मूळचे धामणगाव रेल्वेजवळच्या एका खेड्यातले. आईवडील दोघंही दुसऱ्याच्या शेतात राबणारे आणि घरातला पहिला सरकारी पगार यांचा. निवृत्तीनंतर त्यांनी जठारपेठेतल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. मी पहिल्या मजल्यावर. चोवीस घरांची ही इमारत आणि मी तिचा सचिव, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. काका राहायला आले त्या आठवड्यातच माझ्याकडे आले आणि म्हणाले, "प्रमोदभाऊ, आपल्या इमारतीचा कचरा कुठं जाते, तुमी पाह्यलं का कधी?" मी म्हटलं, घंटागाडीत जातो. "गाडीत जाते ते मलेही दिसते. गाडी कुठं जाते?" मला माहीत नव्हतं. इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

एका रविवारी सकाळी ते आम्हा तिघांना गावाबाहेरच्या कचरा डेपोवर घेऊन गेले. मी, दुसऱ्या मजल्यावरचे देशमुख भाऊ आणि समोरच्या घरातल्या मोहोड वहिनी. वहिनी आल्या त्या भांडायला. आपल्या कचऱ्याची चौकशी हा बाहेरचा माणूस का करतो, हे त्यांना एकदाचं विचारायचं होतं. तिथे पोचल्यावर मात्र ते विचारायचं राहूनच गेलं. धूर होता, आग कुठे दिसत नव्हती. ढीग आतून जळत होता. गाई प्लास्टिकच्या पिशव्या चघळत होत्या. काका पँट वर दुमडून कडेकडेने फिरत होते, शेतात पीक पाहत फिरावं तसे. एका जागी वाकले, काठीनं एक खोकं ओढलं आणि चष्मा वर करून वाचलं. "वहिनी, तुमचं पार्सल आलं परत." खोक्यावर मोहोडांचं नाव, घरनंबर, सगळं छापलेलं होतं. देशमुख भाऊ हसत सुटले. वहिनी हसल्या नाहीत, पण परत येताना गाडीत त्यांनी हळूच विचारलं, "काका, साडीचा डबा सुक्यात टाकाचा ना?" तिथून सुरुवात झाली.

पुढचे तीन महिने काका रोज सकाळी सातला जिन्याखाली एक स्टूल टाकून बसत. दोन ड्रम, एक ओल्याचा, एक सुक्याचा, आणि शेजारी ते. कोणी पिशवी आणली की म्हणायचे, ठेवा, मी पाहतो. लोकांना ते आवडायचं नाही. मोहोड वहिनी एकदा भडकल्याच. "काका, लोकाइच्या घरचा कचरा उघडून पाहून राहिले तुमी. लाज नाही वाटत?" काका शांतपणे हातमोजा नीट करत म्हणाले, "लाज कायची, वहिनी? कांद्याच्या टरफलात डायपर सापडते, त्याची वाटते थोडी." दुसऱ्या दिवसापासून वहिनींच्या घरून दोन पिशव्या येऊ लागल्या. काका कधी भाषण द्यायचे नाहीत. पर्यावरण हा शब्द मी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. 'आपलं घरचं घरी जिरवू' एवढंच म्हणायचे. सुका कचरा भंगारवाला नेऊ लागला. ओल्यासाठी त्यांनी मागच्या कुंपणाजवळ विटांचे दोन खड्डे बांधून घेतले. रोजची भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, वर वाळलेला पालापाचोळा, आणि तिसऱ्या दिवशी फावड्याने उलथापालथ. ते काम ते स्वतः करत. मदतीला कोण येतं, याची त्यांनी वाट पाहिली नाही. मीही कधी फावडं हातात घेतलं नाही. वरून गॅलरीतून 'काका, चाललंय ना?' असं विचारायचो. ते हात वर करायचे.

पहिलं खत निघालं तेव्हा लोक खाली येऊन हातात घेऊन पाहत होते. वास घेत होते. वासच नव्हता, ओल्या मातीचा येतो तेवढाच. तुळशीसाठी, कुंड्यांसाठी सगळ्यांनी नेलं. देशमुख भाऊंनी दोन पोती शेतावर नेली आणि पुढच्या आठवड्यात सांगत आले, "काका, वांग्याले टाकलं. पानं अशी झाली का विचारू नका." घंटागाडीत आमच्या इमारतीचं आता जवळपास काहीच पडत नव्हतं. गाडीवरची बाई एकदा मला म्हणाली, तुमच्याकडे लोक जेवत नाही का साहेब? मी हे काकांना सांगितलं. त्या दिवशी ते दोनदा जिना चढले-उतरले, उगीचच.

आता जे सांगायचं ते...

आमच्या घरी महालक्ष्म्या असतात. भाद्रपदात तीन दिवस, दुसऱ्या दिवशी मोठं जेवण. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी आणि ज्वारीची आंबील. सगळ्या इमारतीला आमंत्रण. आई होती तोवर तायडेकाकांचं ताट वर पाठवायचो. पंगतीला बोलवायचो नाही. कारण कुणी बोलून दाखवलं नव्हतं, बोलायची गरजही नव्हती. काका ताट घ्यायचे, आणि संध्याकाळी ते घासलेलं परत यायचं, त्यात चार लिंबं किंवा दोन पेरू ठेवलेले. आई गेल्यावर वैशाली म्हणाली, आता त्यांना पंगतीला बोलवू. मी म्हटलं, यंदापासून. पण त्या वर्षी शिल्पाचं बाळंतपण आलं आणि काका-काकू महिन्याभरासाठी अमरावतीला गेले. जाताना काका मला खड्ड्यांजवळ घेऊन गेले. पाला कुठे ठेवलाय, फावडं कुठे, किती दिवसांनी उलथायचं. "अन् शिजलेलं अन्न नाही टाकाचं. आंबट नाही, तेलाचं नाही. एक वेळ मले टाका, पन कढी टाकू नका." मी हसलो. म्हटलं, निर्धास्त जा.

त्या वर्षी वैशालीच्या माहेरच्या भाऊबंदकीत सुतक पडलं. जेवणाच्या दिवशी सकाळी उशिरा फोन आला. अमरावतीहून येणारी तिच्या माहेरची सगळी मंडळी रद्द. स्वयंपाक मात्र त्यांना धरून केलेला. इमारत जेवली, डबे भरभरून दिले, तरी दोन मोठे गंज भरून उरलं. एकात आंबील, एकात कढी, शिवाय भाज्या आणि पुरण. आमच्या घरची रीत अशी, की महालक्ष्मीच्या जेवणातलं उरलं-उष्टं कचऱ्यात द्यायचं नाही. गावाकडे घरामागे खड्डा करून त्यात पुरत असत, पायाखाली येऊ नये म्हणून. आता फ्लॅटमध्ये माती कुठून आणायची? आई असताना आम्ही ते गाडीत घालून गावी शेतावर नेत होतो. या वेळी मी दमलो होतो. आणि आमच्या आवारात माती होती तेवढी तायडेकाकांच्या खड्ड्यात.

दुपारी सगळे सुस्तावले असताना मी दोन्ही गंज खाली नेले आणि ओतले. आधी आंबील, मग कढी, मग बाकीचं. वर थोडा पाला टाकला. हात जोडले. खरं सांगतो, मला त्या वेळी बरंच वाटलं होतं. देवीचं देवीकडे, मातीचं मातीत... असं काहीसं. काकांचे शब्द आठवले नाहीत असं मी म्हणणार नाही. आठवले. एवढ्याने काय होतं, असं वाटलं.

पाचव्या दिवशी वास सुरू झाला. आधी आंबट, मग सडका. खड्ड्यावर अळ्या आल्या. तळमजल्यावरच्या लोकांना खिडक्या उघडता येईनात. मी फावडं घेऊन एकदा गेलो, नाकाला रुमाल बांधून दोन घाव घातले आणि परत आलो. ग्रुपवर निरोप पडू लागले. 'सचिवांनी लक्ष द्यावे.' मी लिहिलं, 'तायडेकाका आल्यावर बघू.' हे वाक्य मी लिहिलं तेव्हाच पुढे काय होणार ते ठरून गेलं होतं. वास कुणामुळे, ते मी उघड न म्हणताही सांगून टाकलं होतं.

काका नातवाला पाहून, ठरल्यापेक्षा आधी, एकटेच परत आले. पिशवी खालीच ठेवून थेट मागे गेले. दोन दिवस ते खड्डा उपसत होते. पँट गुडघ्यापर्यंत वर, डोक्याला पंचा. लोक गॅलरीतून पाहत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजली. काका होते. आंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून आले होते. हातात कढीची मोठी पळी. गंजात राहून ओतताना खड्ड्यात गेली असावी. आम्ही ती घरात शोधत होतो. तिच्या दांड्यावर आईचं नाव कोरलेलं आहे. काकांनी ती राख लावून घासली होती, चकचकीत केली होती. "तुमची पळी," ते म्हणाले. "खड्डा जेवला, अन् भांडं परत केलं." मी ती घेतली. ते थोडे थांबले. मी म्हणायला हवं होतं, आत या. म्हणायला हवं होतं, काका, चुकलं माझं. मी म्हणालो, "रविवारी मीटिंग ठेवलीय." ते म्हणाले, "हो, वाचलं ग्रुपवर." आणि गेले.

मीटिंग सकाळी दहाला पार्किंगमध्ये झाली. प्लास्टिकच्या खुर्च्या, समोर टेबल, टेबलावर माझी कार्यवृत्ताची वही. काका पहिल्या रांगेत बसले होते. लोक बोलत होते... डेंगू होईल, पाहुणे नाक धरतात, फ्लॅट विकायचा तर कोण घेईल. काकांनी एवढंच सांगितलं की खड्डा आता साफ आहे, पंधरा दिवस द्या, पुन्हा बसवून देतो. "काहीतरी चुकीचं पडलं आत. ते पुन्हा नाही पडणार." हे म्हणताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. मुद्दाम पाहत नव्हते, हे मला कळत होतं. मोहोड वहिनी म्हणाल्या, मग काय पडलं ते तरी सांगा. काका म्हणाले, "ते आता निघालं. जाऊ द्या." तेवढ्यात देशमुख भाऊ, वांग्यांना खत नेणारे देशमुख भाऊ, खुर्चीत मागे रेलून बोलले, "काका, तुमाले सवय असन अशा वासाची. आमाले नाही."

त्या वाक्याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला समजला होता. काका सावकाश त्यांच्याकडे वळले. "नाही, देशमुख भाऊ. मलेही नवती. शिकलो." आवाज नेहमीचाच. मग ते माझ्याकडे वळले आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "सचिव साहेब, तुमचं काही म्हननं?"

मला वैशाली दिसत होती, दुसऱ्या रांगेत, मांडीवरच्या पदराची चुणी करत बसलेली. मला आईचं नाव आठवत होतं, पळीवरचं. सगळी इमारत ज्या प्रसादाला हात जोडून जेवली, त्याने हा वास आला असं सगळ्यांसमोर कसं म्हणायचं... आणि देशमुखांच्या त्या वाक्यानंतर मी काकांच्या बाजूने उठलो तर मी कोणाच्या बाजूचा ठरतो... हे सगळं माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "बहुमत जे म्हणेल ते." काकांनी मान हलवली, समजल्यासारखी. हात वर झाले. मी वहीत लिहिलं, 'खड्ड्याची देखभाल योग्य प्रकारे न झाल्याने दुर्गंधी पसरली. सबब दोन्ही खड्डे बुजवण्यात यावेत.' माझ्या अक्षरात आहे. अक्षर चांगलं आहे माझं.

खड्डे बुजले, वर फरशी बसली. आता तिथे गाड्या उभ्या असतात. महिन्याभरात ओल्या-सुक्याचे ड्रम एक झाले, कारण सकाळी सातला तिथे कुणी बसलेलं नसायचं. घंटागाडी पुन्हा भरून जाऊ लागली. मी पत्रकं लावली, ग्रुपवर निरोप टाकले, 'ओला व सुका कचरा वेगळा द्यावा ही नम्र विनंती.' कुणी वाचत असेल असं वाटत नाही. मी स्वतःच्या घरीही दोन डबे ठेवले नाहीत. काका भेटले की बोलायचे, तब्येत विचारायचे, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करायचे. रुसले असते तर मला सोपं गेलं असतं. पुढच्या महालक्ष्म्यांना मी त्यांना पंगतीला बोलवायला गेलो. ते म्हणाले, "येतो ना," आणि आले, जेवले, आंबील दुसऱ्यांदा मागून घेतली. जाताना वैशालीला म्हणाले, "पोरी, उरली असन तर मले दे. मी नीट जिरवतो." ती रात्रभर रडली. माझ्याशी त्यावर ती आजही बोललेली नाही.

मागच्या आठवड्यात तायडेकाकू शिल्पाला घेऊन घर आवरायला आल्या. आता त्या अमरावतीलाच राहणार आहेत. मी वर गेलो. काकांचं सामान फार नव्हतं. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत रंगाच्या दोन जुन्या बादल्या होत्या, तळाला भोकं पाडलेल्या, वर पोत्याचा तुकडा. मला माहीतच नव्हतं. खड्डे बुजल्यापासून ते आपल्या घरचं तिथेच जिरवत होते. एक बादली भरून खत झालेलं, दुसरी अर्धी. काकू म्हणाल्या, "हे आता कोन करीन? शिल्पाच्या घरी जागा नाही. फेकून देऊ का?" मी म्हटलं, मी नेतो. काकू माझ्याकडे पाहत राहिल्या. "प्रमोदभाऊ, तुमाले जमन का?" त्यात टोमणा नव्हता. खरोखर विचारत होत्या. मी म्हटलं, "काकू, त्या वेळी खड्ड्यात आंबील मी टाकली होती." त्या पोत्याचा तुकडा घडी करत म्हणाल्या, "यायनं सांगतलं होतं मले. अन् म्हने, पोरगा बोलन कधीतरी."

भरलेली नंतर नेऊ म्हणून आधी अर्धी बादली घेऊन मी जिना उतरलो. दुसऱ्या मजल्यावर देशमुख भाऊ आणि मोहोड वहिनी पाण्याच्या टाकीवरून बोलत उभे होते. "हे काय वाहून राहिले, सचिव?" देशमुखांनी विचारलं. मी बादली खाली ठेवली आणि सांगितलं. आंबील आमच्या घरची होती. कढीही. काकांचं काही चुकलं नव्हतं. दोन वर्षं मी हे वाक्य मनात घोळवत होतो. देशमुख भाऊ भिंतीकडे पाहू लागले. वहिनी म्हणाल्या, "आमाले काय माहीत नवतं? दोन वाट्या आंबील मीच पेले होते तुमच्याकडं. वास ओळखू येत नाही का मानसाले?"

"मग तुम्ही बोलल्या का नाही?"

"तुमी नाही बोलले. मंग आमी कावून बोलाव?"

देशमुख भाऊ तेवढ्यात म्हणाले, "जाऊ द्या आता. गेलेल्या मानसाले काय फरक पडते..." आणि घरात गेले. दार हळू लावलं. वहिनींनी बादलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जड आहे का? एक कडी मी धरू?" मी नको म्हटलं. माझ्या मनात होतं की मी एकट्याने एक गोष्ट लपवली. चोवीस घरांनी मिळून लपवली होती, आणि ती ज्यांच्यापासून लपवायची त्यांना ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. याने माझं ओझं हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. पुढच्या मीटिंगच्या विषयपत्रिकेत मी पहिला विषय लिहिला आहे, त्या ठरावातली दुरुस्ती. किती जण येतील, माहीत नाही.

बादली आता आमच्या गॅलरीत आहे. शेवटच्या वेळी शिल्पाकडे निघायच्या दिवशी सकाळी काकांनी तीत शेवटचं काही टाकलं ते संत्र्याचं साल. काकू सांगत होत्या, गाडीची वेळ झाली होती आणि हे उभ्याउभ्या संत्रं सोलत होते. ते साल अखंड, एकाच वळणात काढत. अनेक वर्षांची सवय. मातीवर ते तसंच पडलेलं आहे, वाळून तपकिरी झालेलं, पण वळण अजून स्पष्ट दिसतं. कुणी काढलं, ते ओळखू येतं. तिसऱ्या दिवशी बादली उलथायची असते. पहिल्या वेळी मी ते साल उचलून कडेला ठेवलं, खालचं सगळं वरखाली केलं आणि मग ते पुन्हा वर ठेवलं. तीन दिवसांनी पुन्हा तसंच. वैशाली दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, असं बाजूला ठेवलं तर ते कधी जिरायचं? आज सकाळी साल हातात घेतलं, खाली मातीत घातलं आणि वरून घरचा ओला कचरा टाकून, दोन मुठी पाला पसरला.